एकस्व परवाना
एकस्व परवाना : एखाद्या शोधावरील एकस्वाचा म्हणजे पेटंटचा धारक, त्या शोधाचा उपयोग करण्याची अनुज्ञा ज्या कराराने दुसऱ्या व्यक्तीस अथवा संस्थेस देतो, त्या करारास एकस्व परवाना म्हणतात. परवान्यामुळे शोधाची मालकी बदलत नाही. केवळ त्याच्या उपयोगाचा हक्क ठराविक मुदतीपुरता, ठराविक प्रदेशापुरता व ठराविक मोबदल्यात दिला जातो. अनुज्ञा देणाऱ्यास परवानादाता, ती घेणाऱ्यास परवानाधारी आणि मोबदल्यास स्वामित्वशुल्क असे म्हणतात. स्वतः माल तयार न करता, किंवा अल्प प्रमाणातच तयार करून, मुख्यतः असे परवाने देण्यावर चालणाऱ्या कंपन्याही आहेत. त्यांचे नेतृत्व पुष्कळदा मुळात अभियंता असलेल्या व पुढे व्यवस्थापनाकडे वळलेल्या व्यक्तींकडे असल्याचे दिसते. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील खत, पोलाद व रसायन उद्योगांची उभारणी मोठ्या प्रमाणात अशा परवान्यांवर झाली असल्याने हा विषय तेथील उदाहरणांवरून चांगला स्पष्ट होतो.

स्वरूप : एकस्व हा शोध वापरण्याचा हक्क नसून इतरांना तो वापरण्यापासून रोखण्याचा हक्क आहे. हा भेद लक्षात घेतल्याशिवाय परवान्याचे स्वरूप कळत नाही. परवाना देताना एकस्वधारक विशिष्ट व्यक्तीविरुद्ध आपला रोखण्याचा हक्क न बजावण्याचे वचन देत असतो. एकस्वाची मालकीच दुसऱ्यास देऊन टाकली, तर त्यास अभिहस्तांकन म्हणतात. भारतीय कायद्याप्रमाणे परवाना व अभिहस्तांकन हे दोन्ही लेखी असावे लागतात व त्यांची नोंद एकस्व नोंदवहीत करून घ्यावी लागते.

परवान्याचे काही मुख्य प्रकार आहेत. अनन्य परवान्यात परवानाधारीखेरीज कोणासही, खुद्द एकस्वधारकासही, तो शोध वापरता येत नाही. एकमेव परवान्यात एकस्वधारक व एकच परवानाधारी असे दोघेच तो वापरू शकतात. साध्या परवान्यात कितीही परवानाधारी असू शकतात. खत व रासायनिक उद्योगांतील बहुतेक परवाने या प्रकारचे असतात. दोन कंपन्यांना परस्परांच्या शोधांची गरज असल्यास त्या एकमेकींना परवाने देतात. हा परस्पर परवाना होय. अनेक एकस्वधारकांनी आपली एकस्वे एकत्र करून त्या समुच्चयाचा एकच परवाना देण्याची पद्धतही आहे.

रासायनिक उद्योगात एकस्वाचा दस्तऐवज तेवढा हाती असून कारखाना उभा राहत नाही. विक्रियक पात्राची अचूक मापे, उत्प्रेरकाची पूर्वतयारी, संयंत्र सुरू व बंद करण्याचा क्रम, कोणत्या ठिकाणी कोणती मिश्रधातू वापरावी यांसारखी माहिती एकस्वात नसते. ती परवानादात्याच्या अनुभवात असते. म्हणून प्रत्यक्षातील परवाना-करारात एकस्वाच्या अनुज्ञेबरोबर ही गुप्त तांत्रिक जाणकारी, मूलभूत आराखडे, प्रशिक्षण व उत्पादनक्षमतेची हमी यांचाही समावेश होतो. एकस्वाची मुदत संपल्यानंतरही परवानादात्याचे महत्त्व टिकून राहते, याचे कारण हेच आहे. [⟶ एकस्व].

इतिहास : शोधकास मुदतबंद हक्क देणारा पहिला ज्ञात सर्वसाधारण कायदा व्हेनिसमध्ये १४७४ साली झाला. इंग्लंडमध्ये १६२४ च्या मक्तेदारीविषयक कायद्याने नव्या शोधांसाठी १४ वर्षांची मुदत ठरविली. परवान्यावर चाललेल्या व्यवसायाचे पहिले मोठे उदाहरण बाष्पएंजिनाचे आहे. जेम्स वॉट यांना पृथक संघनकाचे एकस्व १७६९ मध्ये मिळाले आणि १७७५ मध्ये संसदेच्या अधिनियमाने त्याची मुदत १८०० पर्यंत वाढविण्यात आली. वॉट व त्यांचे भागीदार मॅथ्यू बोल्टन आरंभीच्या काळात संपूर्ण एंजिन तयार करून विकत नसत. खाणमालक बहुतेक भाग स्वतः जमवून एंजिन उभारीत व जुन्या न्यूकोमेन एंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचे, त्याच्या किंमतीचा एक-तृतीयांश भाग या भागीदारांस देत. शोधाचे मोल त्यापासून होणाऱ्या बचतीवरून ठरविण्याची ही पद्धत आजही परवान्याच्या वाटाघाटींचा पाया मानली जाते. कॉर्नवॉलमधील खाणमालकांनी या आकारणीस केलेला विरोध व त्यातून उद्भवलेले खटले हेही तितकेच बोधप्रद आहेत.

रासायनिक उद्योगात परवाना-व्यवसायास खरे रूप आले ते अमोनियाच्या संश्लेषणामुळे. फ्रिट्स हाबर यांच्या संशोधनावर आधारलेला कारखाना बीएएसएफ या जर्मन कंपनीने १९१३ मध्ये ओपाऊ येथे सुरू केला. पहिल्या महायुद्धानंतर ही पद्धत इतर देशांना सहजासहजी उपलब्ध होईना. तेव्हा फ्रान्समध्ये झॉर्झ क्लॉद, इटलीत लुईजी कासाले व जाकोमो फाउझर यांनी स्वतंत्र पद्धती विकसित केल्या. कासाले यांनी १९२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे कंपनी स्थापन करून आपल्या पद्धतीचे परवाने निरनिराळ्या देशांतील कारखान्यांना दिले. खत न बनवता खत बनविण्याची पद्धत विकणारी कंपनी हा प्रकार येथून रूढ झाला.

स्वामित्वशुल्क : मोबदल्याची आकारणी तीन प्रकारे होते : (१) करारावर सही होताना, आराखडे हाती येताना व संयंत्र सुरू होताना अशा हप्त्यांनी दिली जाणारी एकरकमी फी, (२) उत्पादनाच्या नगावर, टनावर अथवा विक्रीमूल्यावर टक्केवारीने दिले जाणारे चालू शुल्क, (३) या दोहोंचा मेळ. खत व पेट्रोरसायन उद्योगांत संयंत्राची क्षमता आधीच ठरलेली असल्याने एकरकमी फी अधिक प्रचलित आहे, तर विद्युत उपकरणांच्या उद्योगात चालू शुल्क प्रचलित आहे.

आकारणीमागील विचार एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका पद्धतीने प्रतिटन १०० रुपयांची ऊर्जा वाचत असेल व कारखाना वर्षाला ५ लाख टन माल काढीत असेल, तर वार्षिक बचत ५ कोटी रुपये होईल. वॉट यांच्या प्रमाणाने तीतील १ कोटी ६७ लाख रुपये परवानादात्यास व ३ कोटी ३३ लाख रुपये कारखान्यास मिळतील. मात्र परवानाधारीस दुसरी, जवळजवळ तितकीच चांगली पद्धत उपलब्ध असेल, तर त्याला मान्य होणारी रक्कम या दोन पद्धतींतील फरकाहून अधिक असू शकत नाही. म्हणून स्पर्धक पद्धती किती आहेत, यावर स्वामित्वशुल्क सर्वाधिक अवलंबून असते.

भारतात परदेशी परवानादात्यास द्यावयाच्या रकमेवर दीर्घकाळ सरकारी नियंत्रण होते. देशांतर्गत विक्रीवर ५ टक्के, निर्यातीवर ८ टक्के व एकरकमी फी २० लाख अमेरिकन डॉलर या मर्यादांपलीकडील करारांना केंद्र सरकारची पूर्वसंमती लागे. डिसेंबर २००९ मध्ये ही मर्यादा काढून टाकण्यात आली.

अभियंता व परवाना-कंपनी : परवाना देणाऱ्या कंपनीचा माल म्हणजे ज्ञान. ते कोणत्या मर्यादेपर्यंत खरे ठरेल, कोणत्या कारखान्यात अपयशी होईल व प्रतिस्पर्ध्याने केलेला बदल त्याच एकस्वाच्या कक्षेत येतो की नाही, हे तांत्रिक जाणकारीशिवाय ठरविता येत नाही. याउलट कोणाला परवाना द्यावा, किती रकमेस द्यावा व खटला केव्हा टाळावा हे निर्णय व्यापारी स्वरूपाचे असतात. या दोन्ही बाजू एकाच व्यक्तीत आल्यास कंपनीस स्थैर्य येते. याची दोन उदाहरणे भिन्न कारणांसाठी पाहण्यासारखी आहेत.

हाल्डॉर टॉप्सो (२४ मे १९१३–२० मे २०१३) हे डेन्मार्कचे रासायनिक अभियंता. पदवी मिळवल्यानंतर काही काळ नोकरी करून त्यांनी १९४० मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी स्थापन केली. उत्प्रेरकांच्या पृष्ठभागावर प्रत्यक्षात काय घडते, याचा मूलभूत अभ्यास आणि त्या अभ्यासावरून संयंत्राचा आराखडा या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली आणणे, हे त्यांच्या कंपनीचे वैशिष्ट्य होय. त्यांच्या अमोनिया परिवर्तकात वायू उत्प्रेरकाच्या थरातून वरून खाली न जाता अरीय दिशेने जातो. त्यामुळे वायूचा मार्ग आखूड होतो, दाब कमी घटतो आणि अधिक क्रियाशील असा बारीक कणांचा उत्प्रेरक वापरता येतो. कंपनीने पद्धतीचा परवाना व त्या पद्धतीस लागणारा उत्प्रेरक असे दोन्ही विकले. परवान्याचे उत्पन्न एकदाच मिळते, पण उत्प्रेरक काही वर्षांनी बदलावाच लागतो. म्हणून या जोडीमुळे कंपनीचे कारखान्याशी असलेले नाते दीर्घकाळ टिकते. १९७२ मध्ये कंपनीचा निम्मा हिस्सा स्नाम्प्रोजेत्ती या इटालियन अभियांत्रिकी कंपनीकडे गेला व २००७ मध्ये तो टॉप्सो कुटुंबाकडे परत आला. टॉप्सो अखेरच्या वर्षांपर्यंत कंपनीच्या कारभाराशी निगडित होते.

दुसरे उदाहरण शंकर आबाजी भिसे (२९ एप्रिल १८६७–७ एप्रिल १९३५) यांचे. मुंबईत जन्मलेल्या भिसे यांना अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण मिळाले नव्हते. यंत्रविद्या त्यांनी स्वप्रयत्नाने आत्मसात केली. वाणसामान आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या रचनेबद्दल लंडनमधील एका नियतकालिकाच्या स्पर्धेत त्यांना पारितोषिक मिळाले व ते इंग्लंडला गेले. तेथे दादाभाई नवरोजी यांनी त्यांना साहाय्य केले. छपाईचे खिळे वेगाने ओतणारे यंत्र हा त्यांचा सर्वांत महत्त्वाचा शोध. त्यासाठी भांडवल मिळविण्याचे इंग्लंडमधील प्रयत्न निष्फळ झाल्यावर गोपाळ कृष्ण गोखले यांच्या शिफारशीने त्यांचा सर रतन टाटा (१८७१–१९१८) यांच्याशी संबंध आला व १९१० मध्ये टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट ही संस्था निघाली. भारतीय भांडवलावर भारतीय शोधकाच्या एकस्वांचा व्यापारी उपयोग करण्याचा हा आरंभीचा मोठा प्रयत्न होय. पहिले महायुद्ध व टाटांचे आजारपण यांमुळे तो टिकला नाही. पुढे भिसे अमेरिकेस गेले; तेथे त्यांनी आपल्या यंत्रासाठी कंपनी काढली. न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

भिसे यांच्या नावावर सु. ४० एकस्वे होती. शोधांच्या संख्येत ते उणे नव्हते. उणीव होती ती चाचणी-यंत्र व बाजारातील यंत्र यांमधील काळ निभावून नेणाऱ्या भांडवलाची आणि प्रस्थापित यंत्रोत्पादकांशी वाटाघाटी करू शकणाऱ्या संघटनेची. टॉप्सो यांच्याकडे शोध व संघटना ही दोन्ही होती. भिसे यांना दर वेळी नवा आश्रयदाता शोधावा लागला. शोधकाकडे संघटना नसेल, तर एकस्वाची मुदत त्याच्या विरुद्ध धावू लागते, हा या तुलनेचा निष्कर्ष होय.

रायगड किनारपट्टीवरील परवानाधारी उद्योग : कुलाबा जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाले. मुंबईजवळच्या समुद्रात १९७४ मध्ये ‘बॉम्बे हाय’ येथे खनिज तेल व वायू सापडला. तो वायू उरण येथे किनाऱ्यावर येऊ लागला व तेथून दक्षिणेकडील किनारपट्टीस नवा कच्चा माल मिळाला. वायू देशाचा होता. मात्र त्यापासून मोठ्या प्रमाणावर खत किंवा पोलाद करण्याच्या अद्ययावत पद्धती परदेशी कंपन्यांकडे होत्या. त्यामुळे येथील प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या प्रारंभी परवानादात्याची निवड करावी लागली.

अलिबागजवळच्या थळ-वायशेत येथील खतप्रकल्प हे त्याचे ठळक उदाहरण. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या केंद्र सरकारच्या कंपनीने तो उभारला. अमोनियाची प्रतिदिनी प्रत्येकी १,३५० टन क्षमतेची २ व यूरियाची प्रतिदिनी प्रत्येकी १,५०० टन क्षमतेची ३ संयंत्रे अशी त्याची मूळ रचना होती. प्रतिटन यूरियास सु. ०·५७ टन अमोनिया लागतो. पूर्ण क्षमतेने ४,५०० टन यूरियासाठी सु. २,५५० टन अमोनिया लागत असल्याने दोन विभागांच्या क्षमता परस्परांशी जुळतात. तंत्राच्या निवडीबाबत मात्र मोठा वाद झाला. प्रारंभी सी. एफ. ब्राउन या अमेरिकन कंपनीची निवड झाली होती. १९८० मध्ये केंद्रात सत्तांतर झाल्यावर या निवडीचा फेरविचार झाला आणि अमोनियासाठी हाल्डॉर टॉप्सो व यूरियासाठी स्नाम्प्रोजेत्ती यांची पद्धत स्वीकारण्यात आली. त्या काळात टॉप्सो कंपनीचा निम्मा हिस्सा स्नाम्प्रोजेत्तीकडेच होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. या बदलावर वृत्तपत्रांत व संसदेत टीका झाली. परवानादात्याची निवड हा केवळ तांत्रिक प्रश्न नसतो. कर्ज, यंत्रसामग्रीची खरेदी व पुढील अनेक वर्षांचे सुटे भाग व उत्प्रेरक यांच्याशीही तो निगडित असतो, हे या वादाने दाखवून दिले. प्रकल्प १९८४-८५ च्या सुमारास कार्यान्वित झाला.

पेण तालुक्यात धरमतर खाडीकाठी डोलवी येथे इस्पात इंडस्ट्रीजने नैसर्गिक वायूवर चालणारे स्पंज आयर्नचे संयंत्र १९९४ मध्ये सुरू केले. २०१० मध्ये ही कंपनी जेएसडब्ल्यू समूहाने ताब्यात घेतली. या संयंत्राची मिड्रेक्स पद्धत अमेरिकेत विकसित झाली असून तिच्यावर आधारलेले पहिले व्यापारी संयंत्र १९६९ मध्ये ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे सुरू झाले. तीत भट्टीतून बाहेर पडणारा वायू व नैसर्गिक वायू यांपासून हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड तयार करून त्यांनी लोहधातुकातील ऑक्सिजन काढून घेतला जातो. मिड्रेक्स ही कंपनी १९८३ पासून जपानच्या कोबे स्टील कंपनीच्या मालकीची आहे. ती पद्धतीचे परवाने देते, आराखडे करते आणि परवानाधारी कारखान्यांचे अनुभव एकत्र करून पद्धतीत सुधारणा घडविते.

अलिबाग तालुक्यातील उसर येथे गेल या सरकारी कंपनीने प्रोपेनपासून प्रोपिलीन व त्यापासून पॉलिप्रोपिलीन तयार करण्याचा वार्षिक ५ लाख टन क्षमतेचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा प्रोपेनमधील हायड्रोजन काढण्यासाठी लमस या अमेरिकन कंपनीच्या कॅटोफिन पद्धतीची निवड केली. थळपासून काही किलोमीटरांवर व जवळजवळ चार दशकांनंतर परवान्याच्या मार्गानेच प्रकल्प उभारावा लागला, ही बाब अर्थपूर्ण आहे.

एकस्वाहून वेगळा असा बौद्धिक संपदेचा एक प्रकारही याच तालुक्यात आढळतो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास भौगोलिक निर्देशांकन मिळालेले आहे. हा हक्क त्या प्रदेशातील सर्व उत्पादकांचा सामाईक असतो. तो परवान्याने दुसऱ्या प्रदेशास देता येत नाही. एकस्वाचे ज्ञान स्थलांतर करू शकते, कांद्याचे नाव करू शकत नाही.

करारातील कळीच्या अटी : परवानाधारी कारखान्यातील अभियंते संयंत्र चालविताना त्यात लहानमोठ्या सुधारणा करतात. खारी हवा, पावसाळ्यातील आर्द्रता, पाण्याचा दर्जा व वायूच्या पुरवठ्यातील चढउतार यांना तोंड देताना मूळ आराखड्यात नसलेले ज्ञान निर्माण होते. हे ज्ञान कोणाचे, हा परवाना-करारातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय. परवानाधारीने केलेल्या सुधारणांचा हक्क परवानादात्यासच द्यावा, अशी प्रत्यर्पणाची अट करारात असल्यास प्रत्येक कारखाना परवानादात्याची विनावेतन प्रयोगशाळा बनतो आणि परवानाधारी देश कायम परवानाधारीच राहतो. सुधारणांची देवघेव परस्पर व अनन्य नसलेल्या हक्काने व्हावी, अशी अट असल्यास दोघांचाही लाभ होतो.

भारतीय एकस्व अधिनियमाच्या १४० व्या कलमाने काही अटी बेकायदा ठरविल्या आहेत. एकस्वात न येणारा माल परवानादात्याकडूनच घेण्याची सक्ती, सुधारणांचे एकतर्फी अनन्य प्रत्यर्पण, एकस्वाच्या वैधतेस आव्हान न देण्याचे बंधन आणि नको असलेल्या एकस्वांचाही एकत्रित परवाना घेण्याची जबरदस्ती यांचा त्यांत समावेश होतो. यांखेरीज करारात हमीच्या अटी असतात : ठरलेल्या ऊर्जेत ठरलेले उत्पादन चाचणीच्या दिवसांत न निघाल्यास परवानादात्यास दंड भरावा लागतो. गुप्ततेची अट बहुधा परवान्याच्या मुदतीनंतरही काही वर्षे लागू असते.

भारतीय कायदा : भारतात एकस्वाचा पहिला अधिनियम १८५६ मध्ये झाला, काही दोषांमुळे तो रद्द होऊन १८५९ मध्ये नवा अधिनियम आला. १९११ च्या अधिनियमाने या विषयाची संपूर्ण पुनर्रचना केली. स्वातंत्र्यानंतर टेकचंद समितीने व पुढे १९५९ मध्ये न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी दिलेल्या अहवालांत असे आढळले, की भारतात घेतलेली बहुसंख्य एकस्वे परदेशी कंपन्यांची होती व त्यांपैकी फारच थोडी देशात प्रत्यक्ष वापरली जात होती. म्हणजे ही एकस्वे उत्पादनासाठी नसून आयातीची बाजारपेठ राखण्यासाठी होती. त्यानुसार १९७० चा अधिनियम संमत झाला व तो २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. अन्न, औषधे व रासायनिक प्रक्रियांनी मिळणारे पदार्थ यांवर पदार्थ-एकस्व न देता केवळ पद्धतीचे एकस्व द्यावयाचे, हे त्याचे मुख्य तत्त्व होते. त्यामुळे एकच औषध निराळ्या पद्धतीने बनविण्यास भारतीय अभियंते व रसायनशास्त्रज्ञ मोकळे झाले.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १९९९, २००२ व २००५ मध्ये या अधिनियमात दुरुस्त्या झाल्या. सर्व एकस्वांची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे झाली व १ जानेवारी २००५ पासून पदार्थ-एकस्वेही देण्यात येऊ लागली. मात्र सक्तीच्या परवान्याची तरतूद कायम राहिली. एकस्व मिळून ३ वर्षे झाल्यावर, लोकांची वाजवी गरज भागत नसल्यास, किंमत परवडणारी नसल्यास अथवा शोधाचा भारतात वापर होत नसल्यास, एकस्वधारकाच्या इच्छेविरुद्धही परवाना देता येतो. ९ मार्च २०१२ रोजी मूत्रपिंड व यकृत यांच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधासाठी हैदराबादच्या नॅटको कंपनीस असा परवाना देण्यात आला. एकस्वधारक बायर कंपनीच्या औषधाची महिन्याची किंमत सु. २ लाख ८० हजार रुपये होती, ती नॅटकोच्या औषधाची ८,८८० रुपये ठरली. स्वामित्वशुल्क प्रथम ६ टक्के व अपिलात ७ टक्के ठरविण्यात आले. एकस्वाचा परवाना हा दोन पक्षांमधील खाजगी व्यवहार असला, तरी त्याचे मूळ जनतेने दिलेल्या हक्कात आहे, हे या निर्णयाने अधोरेखित केले.

केवळ परवान्यांवर चालणाऱ्या कंपन्या : विसाव्या शतकाच्या अखेरीस दूरसंचार क्षेत्रात या व्यवसायाचे रूप बदलले. एका भ्रमणध्वनी संचात अनेक कंपन्यांच्या हजारो एकस्वांचा उपयोग होतो. १९८५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या क्वालकॉम कंपनीचे संस्थापक अर्विन जेकब्स हे विद्युत अभियंता व माजी प्राध्यापक. या कंपनीने संचांचा व तळ-यंत्रणेचा उद्योग १९९९-२००० च्या सुमारास विकून टाकला व इलेक्ट्रॉनीय चिप आणि परवाने यांवर लक्ष केंद्रित केले. कॅनडातील कॅलगरी येथे १९९२ मध्ये अभियंत्यांनी स्थापन केलेली वाय-लॅन ही कंपनी तर २००६ पासून उत्पादनाकडून परवान्याकडे वळली. अशा कंपन्यांबद्दल दोन परस्परविरोधी मते आहेत. समर्थकांच्या मते शोधकास कारखाना काढण्याची सक्ती असू नये. संशोधन व उत्पादन ही भिन्न कौशल्ये आहेत आणि परवान्यामुळे लहान शोधकासही मोठ्या उत्पादकाकडून मोबदला मिळतो. टीकाकारांच्या मते इतरांची एकस्वे विकत घेऊन केवळ खटल्याच्या धाकाने शुल्क वसूल करणाऱ्या कंपन्यांमुळे उत्पादनाचा खर्च वाढतो व ज्ञानात भर पडत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एकस्वभंग सिद्ध होताच मनाईहुकूम आपोआप मिळणार नाही, असा निर्णय दिल्यावर अशा धाकाचे सामर्थ्य काहीसे कमी झाले.

ज्या एकस्वांशिवाय ठरलेले दूरसंचार-मानक पाळताच येत नाही, त्यांचे परवाने न्याय्य, वाजवी व भेदभावरहित अटींवर देण्याचे वचन एकस्वधारकास द्यावे लागते. वाजवी म्हणजे किती, हे अखेर न्यायालयास ठरवावे लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२४ रोजी लाव्हा या भारतीय संच-उत्पादक कंपनीने एरिक्सनला २४४ कोटी रुपये भरपाई द्यावी, असा निर्णय दिला.

भारतीय परवानादाते : सरकारी प्रयोगशाळांतील शोधांचे परवाने उद्योगांना देण्यासाठी १९५३ मध्ये नॅशनल रिसर्च डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ही केंद्र सरकारची कंपनी स्थापन झाली. नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत विकसित झालेल्या, मतदाराच्या बोटास लावावयाच्या न पुसणाऱ्या शाईचा म्हैसूर येथील रंगकारखान्यास दिलेला परवाना हा तिच्या सर्वपरिचित व्यवहारांपैकी एक होय. ही शाई १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात आहे. पुण्याच्या नॅशनल केमिकल लॅबोरेटरीने रघुनाथ माशेलकर संचालक असताना (१९८९–९५) परदेशी कंपन्यांना परवाने देण्याचे धोरण स्वीकारले व बहुवारिकांच्या क्षेत्रातील संशोधन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीस उपलब्ध करून दिले. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले माशेलकर हे स्वतः रासायनिक अभियंता असून पुढे १९९५ ते २००६ या काळात ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परवाने घेणाऱ्या देशाने परवाने देण्याकडे वळावे, या दिशेने त्यांच्या कारकीर्दीत संघटित प्रयत्न झाले.

या कामास लागणाऱ्या मनुष्यबळात अभियंत्यांचे स्थान मोलाचे आहे. भारतात एकस्व अभिकर्ता होण्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रविद्येची पदवी आवश्यक असते व त्यापुढे परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. केवळ कायद्याची पदवी पुरेशी नसते. एकस्वधारकास आपला शोध भारतात कितपत वापरला गेला, याचे विवरणपत्र एकस्व कार्यालयास सादर करावे लागते. २०२४ च्या नियमांनुसार ते दर ३ आर्थिक वर्षांतून एकदा द्यावयाचे असते. रायगड जिल्ह्यातच लोणेरे येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. किनाऱ्यावरील कारखान्यांतून चार दशकांत साठलेला अनुभव व अशा संस्थांतील संशोधन यांची सांगड घालून त्याची रीतसर नोंद झाली, तर खाऱ्या हवेत संयंत्र चालविण्याचे येथील ज्ञानही परवान्याने इतरांना देता येण्याजोगे होईल. तसे न झाल्यास ते अभियंत्यांच्या सेवानिवृत्तीबरोबर नष्ट होते किंवा परवानादात्याच्या पुढील आराखड्यात निनावी समाविष्ट होते. एकस्व परवान्याच्या व्यवहारात ज्ञान निर्माण करण्याइतकेच ते वेळेवर लिहून ठेवण्यास महत्त्व आहे.